वयोश्रीचं साहित्य खेड्यात कसं चालतं: काठी, वॉकर, श्रवणयंत्र आणि ते सांभाळणारी जाणती मंडळी

विदर्भातल्या खेड्यांत वयोश्री या म्हाताऱ्या माणसांसाठीच्या सरकारी योजनेच्या शिबिरांतून येणारं साहित्य वस्तू म्हणून ठीक ते चांगलं या दर्जाचं आहे. तरी महिना-दोन महिन्यांत त्यातलं बरंचसं कवेलूखालच्या आड्याला टांगलेलं किंवा बाजेखाली सरकवलेलं दिसतं. चूक सहसा वस्तूची नसते. माप बरोबर घेतलेलं नसतं, घर न बघता वस्तू निवडलेली असते आणि नंतर विचारायला कोणी फिरकत नाही. ही तिन्ही कामं ज्या गावांत तिथल्याच साठी-सत्तरीच्या आबाजी-आजींकडे रीतसर सोपवली जातात, तिथे त्याच वस्तू वर्षानुवर्षं वापरात राहतात. म्हणून हे परीक्षण वस्तूंचं आहे, तसंच त्यांच्यासोबत गावात लागणाऱ्या सेवेचंही आहे.

आधी योजना, कारण त्या दोन आहेत आणि नावं सारखी असल्याने गावात नेहमी गोंधळ होतो. राष्ट्रीय वयोश्री योजना केंद्राची, २०१७ सालची. वय ६० पूर्ण, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड किंवा महिन्याचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, आणि चालणं, ऐकणं, बघणं, चावणं यांपैकी काहीतरी वयामुळे कमी झालेलं असावं. यात वस्तू मिळते, फुकट. कानपूरची एलिम्को ही केंद्र सरकारची कंपनी ती पुरवते आणि एक वर्षाची देखभालही मोफत असते. मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याची, २०२४ सालची. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. यात वस्तू मिळत नाही, ३,००० रुपये एकदाच खात्यात येतात. वस्तू आपण घ्यायची आणि तिचं बिल ३० दिवसांत पोर्टलवर चढवायचं. मागच्या ३ वर्षांत तीच वस्तू सरकारकडून मिळालेली असेल तर हा अर्ज चालत नाही. पैसे पेरणीच्या तोंडावर आले की ते बियाण्या-खतात जातात आणि बिलाचं राहून जातं. घरात ओढाताण असताना हे होणारच, म्हणून दुकानात जायला सोबत कोणीतरी लागतं. त्यावर पुढे येतोच.

साधी काठी ही या सगळ्यात सर्वांत उपयोगी वस्तू, आणि सर्वांत जास्त चुकीची वापरली जाणारीही. ॲल्युमिनियमची, भोकांत बटण बसवून उंची कमी-जास्त करता येणारी काठी मिळते. माप घेताना माणसाने रोजची चप्पल घालून सरळ उभं राहावं, हात मोकळे सोडावेत. मनगटाची आडवी घडी जिथे येते, तिथे मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतं, तेवढंच. उंच काठीने खांदा वर चढतो आणि मान दुखते, आखूड काठीने कंबर वाकते. उंची बदलल्यावर बटण भोकातून पूर्ण बाहेर आलं का, हे बोटाने चाचपून बघा. अर्धवट अडकलेलं बटण सपाट जमिनीवर चालताना टिकतं आणि पायरी उतरताना पूर्ण भार आला की आत जातं. काठी धरायची दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवा पाय व काठी एकदम पुढे. पाराजवळ उभं राहून बघा, निम्म्याहून अधिक माणसं दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. हे एकदा सांगून होत नाही. आठवडाभर रोज कोणीतरी टोकावं लागतं, आणि ते काम तालुक्याहून आलेला तंत्रज्ञ करू शकत नाही.

काठीच्या टोकाच्या रबरी बुचाकडे कोणाचंच लक्ष जात नाही, पडण्याचं एक मोठं कारण मात्र तेच आहे. नव्या बुचाच्या तळाला गोल खाचा असतात. काळ्या मातीच्या गावात पावसाळ्यात त्या खाचा चिखलाने भरतात, वाळून दगडासारख्या होतात आणि तीच काठी ओसरीच्या ओल्या फरशीवर टेकली की सटकते. बाहेरून आलं की बूच पाण्याखाली धरून जुन्या दात-ब्रशने घासणं, एवढीच युक्ती. खाचा दिसेनाशा झाल्या किंवा कडेला चीर गेली की बूच बदलायचं. तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळतं, पण मापं वेगवेगळी असतात. जुनं बूच सोबत न्या, अंदाजाने आणलेलं सैल बसतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून काम भागवू नये, तो भार येताच गुंडाळला जातो.

तीन किंवा चार पायांची काठी शिबिरात भक्कम वाटते म्हणून लोक मागून घेतात. सिमेंटच्या सपाट घरात ती खरंच चांगली. शेणाने सारवलेल्या, थोड्याशा चढउताराच्या जमिनीवर मात्र तिचा एक पाय अधांतरी राहतो आणि ती डुलते. लकवा होऊन एक बाजू कमजोर असेल तर ही काठी घ्या, पण अंगणात एकट्याने नेऊ नका. नुसती गुडघेदुखी असेल तर एका पायाची काठीच बरी.

वॉकरबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: दार मोजल्याशिवाय वॉकर घेऊ नये. घडीचा वॉकर खाली साधारण दोन फूट रुंद पसरतो. जुन्या मातीच्या घरांची दारं दोन पाखांची असतात आणि एक पाख कायम बंद, त्यामागे कापसाचे बोद नाहीतर धान्याची कणगी. वॉकर चौकटीला अडकतो, माणूस तो आडवा करून काढायला जातो आणि तिथेच तोल जातो. दुसरं पाख मोकळं करणं हा पहिला उपाय, आणि तो फुकट आहे. त्यानंतर उंबरठा. चार-पाच इंचांचा उंबरठा वॉकरने ओलांडता येत नाही. उतार करायचा म्हटलं तर पाच इंचांसाठी दोन्ही बाजूंना पाच-पाच फुटांची जागा जाते, आणि उंबरठा फोडायला घरची माय तयार नसते. त्यांची पूजा तिथे होते, त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. गावच्या सुताराला सांगून चौकटीला छातीच्या उंचीपासून कमरेपर्यंत उभी लाकडी मूठ बसवून घ्या. वॉकर आतच ठेवा, मूठ धरून उंबरठा ओलांडा, बाहेर भिंतीला टेकवलेली काठी घ्या. सगळं काम एका मुठीत आणि एका जास्तीच्या काठीत होतं.

व्हीलचेअर बहुतेक घरांत नुसती बसायला वापरली जाते. पुढची लहान चाकं मुरमात आणि चिखलात रुततात. दवाखान्यात नेण्यासाठी गावात एक सामाईक खुर्ची ठेवणं घरोघरी खुर्च्या वाटण्यापेक्षा शहाणपणाचं. कमरेचे पट्टे, गुडघ्याचे टोप (नी-कॅप) आणि मानेची कॉलर यांबद्दल थोडक्यात: विदर्भाच्या उन्हाळ्यात ते घामाने अंग सोलतात. काम करताना दोन-तीन तास घाला, झोपताना काढा, आणि दिवसभर बांधून ठेवू नका, स्नायू सुस्तावतात. कवळीला चार-पाच बैठका लागतात, एका दिवसाच्या शिबिरात ती नीट होत नाही. दंत महाविद्यालय जवळ असेल तर तिकडेच जावं.

कमोड खुर्ची आमच्या मते यादीतली सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची वस्तू. लोक लाजेने मागत नाहीत. रात्री अंधारात लघवीला उठून अंगणात जाताना आणि संडासात उकिडवं बसून उठताना म्हातारी माणसं पडतात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. खुर्ची दोन प्रकारे वापरता येते: रात्री बाजेजवळ भांड्यासकट, किंवा दिवसा भांडं काढून संडासाच्या भांड्यावर. दुसऱ्या प्रकारात खुर्चीचे पाय पावठ्यांच्या बाहेर, सपाट फरशीवर टेकले पाहिजेत. स्वच्छ भारत योजनेतून १२,००० रुपयांच्या अनुदानात बांधलेल्या संडासांची खोली लहान असते. खुर्ची ठेवली की आत उघडणारं दार लागत नाही, मग आजी संडासातच जात नाहीत. दाराच्या बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडेल असं करा. माणूस आत पडला तर त्याच्या अंगावर दार ढकलावं लागत नाही, हा दुसरा फायदा.

त्याच संडासात धरायला नळी बसवायची असेल तर एक इंची जीआय पाईप घ्या, मुठीत नीट बसतो. भिंत आणि पाईप यांत दीड इंच जागा ठेवा. भिंत चार इंची असेल तर नुसते फास्टनर ठोकू नका. जोराने ओढलं की विटेसकट उपसून येतात. आरपार बोल्ट टाकून बाहेरच्या बाजूने लोखंडी पट्टी द्या. बसवल्यावर आधी एका धट्ट्याकट्ट्या माणसाने पूर्ण वजनाने लोंबकळून बघावं. मगच आबाजींना धरू द्या.

श्रवणयंत्राचा निकाल सर्वांत वाईट लागतो, आणि इथे थोडं थांबायला हवं. कानामागे बसणारं डिजिटल यंत्र मिळतं, यंत्र चांगलं असतं. ‘कानात किरकिर करते बाप्पा’ म्हणून ते डब्यात जातं. किरकिरीचं पहिलं कारण कानात बसणारी टोपी सैल असणं. आवाज बाहेर गळून परत माइकमध्ये शिरतो आणि शिटी वाजते. टोपी तीन मापांत येते, मोठी लावून बघा. दुसरं कारण कानातला मळ. शिबिराआधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कान दाखवून घ्या, मळानेच ऐकू येत नसेल तर यंत्राची गरजच नाही. तिसरं कारण कोणाच्या माहितीपत्रकात नसतं: डोक्यावरचा पदर. लुगड्याचा पदर कानावरून ओढला की कापड माइकवर घासतं आणि यंत्र शिटी मारतं. शिबिरात आजी डोकं उघडं ठेवून बसतात, तिथे सगळं छान ऐकू येतं. घरी सासऱ्या-दिरांसमोर पदर येतो आणि यंत्र ओरडायला लागतं. पदर कानामागे खोचायची सवय लागेपर्यंत आवाज कमी ठेवावा, आणि तपासणीही पदर घेऊनच करायला सांगावी.

बॅटरीचं वेगळं सांगायला हवं. या बॅटऱ्या हवेवर चालतात, वर रंगीत चिकटपट्टी असते: १३ नंबरला नारिंगी, ६७५ ला निळी. पट्टी काढली की बॅटरी सुरू झाली, यंत्र वापरा की नका वापरू, ती झिजत राहते. पट्टी काढून एक मिनिट थांबावं, मग यंत्रात टाकावी. परत पट्टी लावून ठेवल्याने काही वाचत नाही. लहान बॅटरी आठवडा-दोन आठवडेच टिकते, म्हणजे हा कायमचा खर्च आहे आणि तो यंत्र घेतानाच सांगितला पाहिजे. खेड्याच्या दुकानात ती मिळत नाही, तालुक्याला किंवा जिल्ह्यालाच. रात्री झाकण उघडं ठेवून यंत्र तांदळाच्या नव्हे, सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवा. पावसाळ्यात आणि घामात हेच यंत्राला वाचवतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक-दोन तास, शांत घरात, एकाच माणसाशी बोलताना. एकदम लग्नात किंवा बाजारात घालून नेलं की माणूस ते कायमचं काढून ठेवतो.

आता सेवेकडे. शिबिर दोन टप्प्यांत होतं: आधी तपासणी, मग काही महिन्यांनी वाटप. मधल्या काळात कोणाचा मोतीबिंदू काढलेला असतो, कोणाला लकवा झालेला असतो, काहीजण गेलेले असतात. वाटपाच्या दिवशी मात्र जुनीच यादी वाचली जाते. वेळही चुकते. दिवाळीनंतर कापूस वेचणीत म्हाताऱ्या बाया शेतात असतात. गडचिरोली-गोंदियाकडे मार्च-एप्रिलमध्ये त्या पहाटेच मोहफुलं वेचायला जातात. मेमध्ये ४५ अंशांत मंडपाखाली चार तास बसवणं तर धोक्याचंच. आमच्या मते शिबिराला फेब्रुवारी सर्वांत सोयीचा, तेही सकाळी. ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, पण ज्याला चालताच येत नाही त्याला फाट्यापर्यंत कोण आणणार? ज्याची गरज सर्वांत मोठी, तोच शिबिरात दिसत नाही.

इथे गावातल्या जाणत्या मंडळींचं काम सुरू होतं. हजार-बाराशे वस्तीच्या गावाला सहा-आठ जण पुरतात. निम्म्याहून जास्त बाया हव्यात, कारण लघवी सुटते, अंग खाली येतं, हे आजी दुसऱ्या आजीलाच सांगतात. एक सुतार, एक शिंपी, कागदपत्रांची सवय असलेला एखादा निवृत्त शिक्षक किंवा कोतवाल, आणि स्वतः काठी किंवा यंत्र वापरणारा निदान एक जण. पारावर बसणाऱ्या चार पुरुषांचीच नावं लिहून मोकळं होऊ नका. बौद्धवाड्यातून, गोंड टोल्यावरून, यवतमाळकडे कोलाम पोडावरून (कोलामांच्या वस्तीवरून) माणूस नसेल तर तिथल्या घरांत वस्तू पोचत नाही. बैठक रोजंदारी सुटल्यावर, संध्याकाळी ठेवा.

त्यांनी घरोघरी चार प्रश्न विचारायचे. आशाताई भरतात त्या तपासणी अर्जात ६० च्या वरच्यांसाठी हेच आहेत: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचाल अडेल असं शारीरिक अपंगत्व आहे का, जेवण, कपडे, अंघोळ, संडास यांना कोणाची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरायला होतो का. एकाचंही उत्तर हो आलं की आशाताईंना आणि आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवायचं. आशाताईंचं काम यामुळे वाढत नाही, हलकं होतं. त्यांच्यासमोर ‘सगळं बरं आहे’ म्हणणारे आबाजी जुन्या सोबत्यासमोर खरं बोलतात.

प्रश्नांसोबत शिंप्याच्या फितीने दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची आणि मनगटापर्यंतचं माप घ्यायचं. शंभरपानी वहीत नाव, मापं, मागितलेली वस्तू, मिळाल्याची तारीख, बूच कधी बदललं, वापर सुरू आहे का, एवढे रकाने. वाटपाच्या आदल्या आठवड्यात वही घेऊन यादी ताजी करायची. वस्तू घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात रोज, मग महिन्यातून एकदा डोकावायचं. मुख्यमंत्री वयोश्रीचे पैसे आले की दुकानात सोबत जाऊन पक्कं बिल घ्यायचं. ३,००० रुपयांत काठी आणि कमोड खुर्ची दोन्ही बसतात, चांगलं श्रवणयंत्र बसत नाही, ते केंद्राच्या शिबिरातूनच घ्यावं.

एक गोष्ट त्यांना ठामपणे शिकवावी लागते. पडल्यावर मांडीच्या सांध्यात दुखत असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा पाऊल बाहेर वळलं असेल, तर वॉकर देऊन उभं करायचं नाही. आहे त्या स्थितीत बाजेवर किंवा फळीवर घेऊन १०८ ला फोन. मालिश नाही, ओढाताण नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. सरपंचांच्या बाजूचे आणि विरोधातले अशी यादी झाली की जाणत्यांचं हे मंडळ तिथेच संपतं, म्हणून नावं ग्रामसभेत वाचावीत. दुसरं, जी आजी आधीच नातवंडं सांभाळते, सरपण आणते, तिच्याच गळ्यात हे कामही पडतं. महिन्याला दोन-तीन अर्धे दिवस यापलीकडे कोणाकडून मागू नये. प्रवासाचे आणि फोनचे पैसे ग्रामपंचायतीने द्यावेत, सत्काराची शाल त्याची भरपाई नाही. तिसरं आम्हाला सर्वांत जास्त लागतं: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारी बायकोही पासष्टीची असते आणि तिला कोणी मोजतच नाही. आठवड्यातून दोनदा मंडळातली एक जण दोन तास त्या घरी बसली, तर ती बाई दवाखान्यात, बँकेत किंवा नुसती नदीवर जाऊन येते. या दोन तासांना पैसा लागत नाही, यादीतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ते मोठे आहेत.

वस्तू वापरणारा माणूस गेला तर दशक्रियेनंतरच, घरच्यांची इच्छा असेल तरच ती परत मागायची. कोणी दुसऱ्याची वस्तू वापरायला कचरत असेल तर आग्रह नको. काठी-वॉकर साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचे, ब्लीचिंगने ॲल्युमिनियम खराब होतं. कमोडचं प्लॅस्टिकचं भांडं मात्र ब्लीचिंगच्या पाण्यात अर्धा तास बुडवून मग धुवायचं. बुचं नवी, बटणं तपासलेली, आणि वहीत नवं नाव. वर्षाच्या आत मोडलेली वस्तू मोफत दुरुस्तीसाठी पाठवायची, त्यासाठी वाटपाची पावती काठीलाच पिशवीत बांधून ठेवलेली बरी. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा आणि एल्डरलाइन या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला १४५६७ वर फोन करावा. हा नंबर टोल-फ्री आहे, सकाळी ८ ते रात्री ८ चालतो आणि मराठीत बोलता येतं.